नवीन लग्न, दोघांची मुंबईत नोकरी, विकेंडला फिरणंही हवं: वसईत राहून रविवारची मिस्सा आणि घरची प्रार्थना कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही कॅथलिक, लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, राहायला वसई रोडला माणिकपूरकडे, नोकरी अंधेरी आणि लोअर परळला. मुलाचं घर नंदाखालला, मुलीचं माझगावला. शनिवार-रविवार सुट्टी, पण निम्म्या रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चुकते, घरात सुरू केलेली जपमाळ आठवड्यात बंद पडली, आणि फिरायला निघालं की अपराधी वाटतं.

यात श्रद्धा कमी पडतेय असं मला वाटत नाही. रविवारी सकाळी उठून ‘आज कितीच्या मिस्साला जायचं?’ असं एकमेकांना विचारणाऱ्या घरात मिस्सा चुकायचीच. गुरुवारी रात्री जेवताना दोनच गोष्टी ठरवा: या आठवड्यात मिस्सा कुठली आणि रविवारचं जेवण कुणाकडे. फिरणं उरलेल्या वेळात आरामात बसतं.

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तरुण जोडपी तिचा उपयोग फार कमी करतात. चर्चच्या कायद्यात (कॅनन १२४८) ते स्पष्ट आहे: त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी, कॅथलिक विधीप्रमाणे कुठेही झालेली मिस्सा चालते. ‘कुठेही’ म्हणजे स्वतःच्याच धर्मग्रामात (आपल्या भागाच्या चर्चमध्ये) हवी असं नाही. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या लग्नाच्या मिस्साला बसलात तर तीही धरली जाते, वाचनं रविवारची नसली तरी. नाताळानंतरच्या लग्नसराईत वसईत हे किती कामाला येतं, ते वेगळं सांगायला नको. रविवारी पहाटे बाहेर पडायचं असेल त्या आठवड्यात शनिवारची संध्याकाळ धरा, घरीच असाल तेव्हा रविवारची सकाळ. मोबाइलवर लावलेली मिस्सा मात्र आजारी माणसासाठी. धडधाकट माणसाने सोफ्यावर चहा पीत पाहिलेली त्यात धरत नाहीत.

वेळांचं म्हणाल तर प्रत्येक चर्चच्या फलकाचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा: माणिकपूरचं सेंट मायकल, नंदाखालचं पवित्र आत्मा, पापडीचं कृपामाता कॅथेड्रल, आणि माहेरच्या बाजूला माझगावचं रोझरी किंवा भायखळ्याचं ग्लोरिया. ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मे महिन्यात आणि सणाच्या आठवड्यात वेळा बदलतात. ‘गेल्या वर्षी साडेसातची होती’ या भरवशावर गेलेले लोक प्रवचन संपता संपता पोचतात. मुलांची मिस्सा लांबते. पुढे कुठे जायचं असेल तर तिच्या आधीची, सकाळची पहिली किंवा दुसरी धरा.

कोमुन्यो (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध सोडून. हा तास मिस्सा सुरू होण्यापासून मोजायचा नाही, कोमुन्यो घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा. साडेसातची मिस्सा असेल तर कोमुन्यो साधारण आठ-सव्वाआठला येते, म्हणजे पावणेसातचा चहा-खारी बिनधास्त चालते. उपाशीपोटी जाऊन उभ्या उभ्या चक्कर येण्यात काही पुण्य नाही.

तुमच्या घरात आणखी एक गोष्ट असणार, जी तुम्ही लिहिलेली नाही. माझगावच्या मुलीला मिस्सा इंग्रजीत ऐकायची सवय, नंदाखालच्या मुलाला मराठीत. यावरून होणारी कुरबुर पुष्कळ घरांत दिसते, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. मराठी प्रतिसाद तोंडात बसायला तीन-चार रविवार लागतात, तोवर मागच्या बाकावर बसून पुस्तिका हातात ठेवावी. पण कायम एकाचीच भाषा चालवू नका. नंदाखालला जेवायचा बेत असेल तेव्हा मराठी, माझगावचा असेल तेव्हा इंग्रजी, हा हिशोब सोपा आणि सगळ्यांना परवडणारा.

माझगावला जाताना एक पथ्य: रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक असतो, बहुतेक वेळा सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत. दादरला गाडी बदलली की पुढे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक वाट बघत असतो. म्हणून पहिली मिस्सा वसईत करून नऊच्या आत गाडी पकडा, नाहीतर शनिवारीच जाऊन मुक्काम करा आणि मिस्सा तिकडेच ऐका. दुसरा पर्याय जास्त चांगला. सासू-सासऱ्यांनाही ‘आले, जेवले आणि पळाले’ असं वाटत नाही.

आता घरची प्रार्थना. जपमाळ बंद का पडली, तर पहिल्या दिवसापासून अख्खी माळ धरली म्हणून. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग), लितानी (प्रतिसाद देत म्हणायची विनवणी) आणि शेवटच्या प्रार्थना धरून वीस-पंचवीस मिनिटं जातात. साडेआठला घरात शिरलेल्या दोघांना ती रोज जमत नाहीत. रोज एकच दशक म्हणा: एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मारिया’, एक त्रैक्याचा गौरव. चार मिनिटं. कुकर लावल्यावर शिट्ट्या होईपर्यंत दशक पुरं होतं, आणि स्वयंपाकघरात उभ्याने म्हटलेली प्रार्थना देव परत पाठवत नाही. झोपायच्या वेळेवर ढकललीत की संपलंच: एकाच्या हातात फोन, दुसऱ्याचे डोळे मिटलेले.

रहस्यांचा, म्हणजे जपमाळ म्हणताना येशू-मारियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगांवर मनन करायचं त्यांचा, क्रम लक्षात ठेवा म्हणजे रोज शोधाशोध नको: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये दिली, त्यामुळे आजी-आजोबांच्या जुन्या पुस्तिकेत सापडणार नाहीत. अख्खी माळ शुक्रवारी रात्री किंवा नंदाखालला गेलात की सगळ्यांबरोबर म्हणा. लोकलमध्ये म्हणायची असेल तर माळ बाहेर काढायची गरज नाही, दहा बोटं आहेतच. विरार फास्टच्या गर्दीत माळ हातातून सुटली तर खाली वाकायलाही जागा नसते.

वाचनाचं एवढंच करा: गुरुवारी, तो मिस्साचा बेत ठरवताना, येत्या रविवारचं शुभवर्तमान मोठ्याने वाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, पुढच्या आठवड्यात उलट. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. आधी वाचलेलं असलं की प्रवचन डोक्यावरून जात नाही, आणि कंटाळवाणं निघालं तरी विचार करायला स्वतःचं काहीतरी असतं.

दोघांपैकी एकाला प्रार्थनेची ओढ जास्त आणि दुसऱ्याला कमी, हे स्वाभाविक आहे. ज्याला जास्त आहे त्याने हजेरी घ्यायची नाही. ‘आज तू आला नाहीस’ हे वाक्य दोनदा ऐकलं की माणूस तिसऱ्यांदा येतच नाही. आपण सुरू करावं, दुसरा ओट्याशी भांडी लावत उभा असला तरी चालतं.

बुधवारी माहीमला जायची इच्छा असते पुष्कळांची. तिथल्या सेंट मायकल चर्चमधली नित्य साहाय्य मातेची नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) १९४८ पासून चालू आहे. बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत होते, मराठीतही. लोअर परळवाल्याला ती वाटेवर पडते: स्लो गाडीने माहीमला उतरायचं, चालत जायचं. अंधेरीवाल्याने उलट दिशेने यायचं, पण माहीमला फास्ट थांबत नाही, हे धरूनच निघायचं. बांद्र्याला उतरलात तर पुढे टॅक्सी किंवा बस, कारण रिक्षा मुंबई शहरात शिरत नाहीत. परतताना बांद्र्याहून विरार फास्टमध्ये चढणं म्हणजे दुसरी नोव्हेना. नऊ बुधवार करायचे असतील तर सलग नऊ आठवडे दोघांना उशिरा सुटावं लागणार नाही असा काळ निवडा. मार्चअखेर नको.

फिरण्याचं. तुमच्या दारातच इतकं आहे की दर महिन्याला लोणावळ्याच्या कोंडीत अडकायचं कारण नाही. मला सगळ्यात आवडणारा एका दिवसाचा बेत स्कूटरवरचा आहे: सकाळची मिस्सा, मग वसई किल्ला, तिथल्याच जेट्टीवरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) भाईंदर, आणि पुढे उत्तन. रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे महामार्गाने वरसावे पुलावरून घातला जाणारा मोठा वळसा वाचतो. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवा. शेवटची परतीची फेरी किती वाजता, हे जाण्याआधी विचारा, पोचल्यावर नाही.

किल्ल्यात नुसते फोटो काढून परतू नका. दोन-अडीच तास धरा. सेंट जोसेफचा मनोरा लांबूनही ओळखू येतो. त्याहून पाहण्यासारखं फ्रान्सिस्कनांचं चर्च आहे. छप्पर गेलंय, पण जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर तिरपं ऊन पडलं की अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी काहीच वाचता येत नाही. शिळांवर पाय देऊन पोज घेऊ नका, त्या कबरी आहेत. जेसुइटांचं चर्च दुरुस्त केलेलं आहे आणि ते संत गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखलं जातं. गोन्सालो याच वसईचे, जन्म १५५७ च्या सुमारास, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, हे शाळेत शिकलेलं असतंच. आपल्या गावचा संत आणि मराठ्यांचा विजय एकाच तटाच्या आत सापडतो, असा किल्ला दुसरा कुठे बघायचा!

सोबत दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट. पावसाळ्यात आत गवत कमरेइतकं वाढतं, तेव्हा पायवाट सोडून अवशेषांत शिरायचं नाही, सापांचा भरवसा नाही. उत्तनला वेलंकनी मातेचं मंदिर समुद्राला लागून आहे. संध्याकाळी तिथे बसावं आणि अंधाराच्या आत निघावं. मिस्सा सकाळी झालेली असली की इथलं बसणं निवांत होतं, घड्याळ बघावं लागत नाही.

अर्नाळ्याच्या किल्ल्याला होडीने जायला काही मिनिटंच लागतात, पण ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरावं लागू शकतं, तेव्हा चर्चचे चांगले बूट घालून तिकडे जाऊ नये. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याचं नाव काढू नका. माणसं बुडाल्याच्या घटना तिथे वारंवार घडल्या आहेत आणि बंदीचे आदेशही निघतात.

दोन दिवस असतील तर दमण. वसई रोडहून वापीची गाडी, पुढे बारा किलोमीटर रिक्षा-टॅक्सी. मोटी दमणच्या तटबंदीत बॉम जेझूचं चर्च आहे, १६०३ चं, लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध. मुक्कामाच्या ठिकाणची रविवारची मिस्सा शुक्रवारीच फोन करून विचारून ठेवा. नकाशावर दाखवलेल्या वेळा जुन्या असतात. आणि येताना बाटली आणू नका: दमणहून कुठल्याही रस्त्याने निघालात तरी गुजरात लागतं, आणि तिथे दारूबंदी आहे. महाबळेश्वरला गेलात तर होली क्रॉस चर्च आहे, १८३१ चं. तिकडे निघताना शनिवार संध्याकाळचा पर्याय उपयोगी नाही, कारण त्या वेळी तुम्ही घाटात असाल. रविवार सकाळच धरा. बॅगेत एक जोडी पूर्ण पँट आणि खांदे झाकणारा ड्रेस वेगळा ठेवा. हाफ पँटवर दारातून परत फिरण्याची वेळ येते ती कपडे बॅगेच्या तळाशी असल्यामुळे.

लांब सुट्ट्यांचं गणित मात्र आपल्याला वेगळं करावं लागतं. ऑफिसातल्या लोकांसाठी गुड फ्रायडे म्हणजे तीन दिवसांची सहल. तुमच्यासाठी तेच वर्षातले सगळ्यात भरगच्च दिवस: गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा, शुक्रवारी दुपारी दुःखसहनाचा विधी, शनिवारी रात्री ईस्टरची जागरण-मिस्सा. मित्रांच्या ग्रुपने रिसॉर्ट ठरवायच्या आत, फेब्रुवारीतच सांगून टाका की ते दिवस आम्ही नाही. भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास: एक वेळचं पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, वय अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला सूट आहे. उद्या तुमच्यावर ती वेळ आली तर सासूबाईंना हे शांतपणे सांगायचं काम नवऱ्याचं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. नियमाने सुरमईची थाळीही चालते, पण मटणाहून महाग थाळी खाऊन त्याला त्याग म्हणणं जरा जास्तच होतं. रविवारांखेरीज मिस्सा बंधनकारक असलेले दिवस भारतात दोनच: नाताळ आणि १५ ऑगस्टचा स्वर्गोन्नयनाचा सण. दोन्ही दिवशी सुट्टी असते, सबब चालत नाही.

सप्टेंबरमध्ये बांद्र्याची मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा येते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. शनिवार-रविवार टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. दोघांचीही ऑफिसं पश्चिम रेल्वेवर आहेत, तेव्हा मधल्या वारी सकाळी लवकर, कामावर जाण्याआधी उरकून घ्या. मेणबत्ती, मेणाचं घर किंवा बाळ असं जे वाहायचं असेल ते वाटेवरच्या ठेल्यांवर मिळतं.

नाताळाआधीचे, आगमनकाळाचे चार रविवार फिरायला जाऊ नका असं मी म्हणेन. तेव्हा घरातच भरपूर मजा असते आणि तीही दोघांनी मिळून करायची. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी पेरा. अर्धी वाटी नाचणी रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. बारीक कोंब दिसले की पसरट ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर माती किंवा कोकोपीट घालून वर दाट पसरायची. दोन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात आणा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि तिथेच बुरशी धरते. १२ डिसेंबरच्या सुमारास पेरलेली नाचणी २४ तारखेला बोटभर, पोपटी आणि ताठ असते. उत्साहाच्या भरात १ तारखेला पेरली तर नाताळापर्यंत पिवळी पडून आडवी होते. खिडकीत ठेवलीत तर वर जाळी घाला, चिमण्यांना नाताळ कळत नाही.

कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थही त्याच सुमारास. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, दोन मोठे चमचे पातळ तूप, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं घट्ट दूध लागेल तसं, साधारण पाऊण कप. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट, अर्धा तास झाकून. सुपारीएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. तेल मध्यम आचेवरच हवं. कडक तापवलं की बाहेरून लाल होतात, आतून ओल्या राहतात आणि दोन दिवसांत मऊ पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका.

पापनिवेदन नाताळाच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका, रांगा चर्चच्या बाहेर येतात. आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी मिस्साच्या आधी गेलात तर फादर निवांत बोलतातही.

आणि एक काम जे लग्नानंतर बहुतेक जोडपी विसरतात: माणिकपूरच्या धर्मग्रामात नाव नोंदवलंय का? लग्न जिथे लागलं तिथे विवाहाची नोंद होते, राहत्या धर्मग्रामात ती आपोआप येत नाही. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन कार्यालयात जा. आधीच्या धर्मग्रामातून पत्र आणायला सांगतात का, तेही तिथेच विचारा. कार्यालय रविवारी मिस्सानंतर उघडं असतं की नाही, हे फलकावर पाहा, म्हणजे ऑफिसची रजा मोडावी लागणार नाही. नोंदणी झाली की घराच्या आशीर्वादासाठी फादरांची वेळ घेता येते, तुमच्या इमारतीतल्या कॅथलिक कुटुंबांच्या समूहाची बैठक कधी असते ते कळतं, आणि पुढे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कागदांसाठी नंदाखाल-माझगाव धावावं लागत नाही. या शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाणारच असाल, तर अर्धा तास आधी निघा आणि कागद बरोबर घ्या.